उतार

आधी पोस्ट गेलं, मग बँक,
मग सात मुलं उरली तेव्हा शाळा.
आता कार्व्हाल्यासमध्ये रात्रीचा दिवा म्हणजे
माझ्या दुकानावरचा हा हिरवा क्रॉस,
धुक्यात उघडझाप करणारा,
खाली तापमान दाखवणारा,
तेही दोन अंशांनी चुकीचं.

माझ्या आधी इथे सेन्योर आबीलिउ
खलबत्त्यात कुटायचे, पुड्या बांधायचे.
चिठ्ठी द्या, औषध घ्या, पैसे मोजा.
त्यापुढे काही विचारणं
त्यांना भोचकपणा वाटायचा.
त्यांचा खलबत्ता अजून आहे:
त्यात मी पेनं ठेवते,
आणि लोकांनी विसरलेल्या किल्ल्या.

मी ऑक्टोबरात लस टोचते.
फ्रान्समधल्या लेकाचा मेसेज आईला वाचून दाखवते,
त्यातला एखादा शब्द गाळून.
दोना लुसिंडाच्या बोटातून थेंब काढते,
आणि साखर वाढलेली निघाली
की ती माझ्याकडे अशी बघते
जणू मीच ओतली.

गुरुवारी आदेरितू आला.
पिशवीत अकरा खोकी.
"तूच म्हणालीस ना, घरात असेल ते सगळं आण."
फेब्रुवारीपासून उठलं की चकरा,
चेस्टनटच्या खोडाला धरून उभं राहायचं.
दोनदा पडला. एकदा चुलीच्या कडेवर.
"वय, दुसरं काय," तो म्हणाला.
"उतार लागला, पोरी.
मग पाय आपले थोडेच असतात."

मी खोकी काउंटरवर मांडली, पत्त्यांसारखी.
निळं, ब्रागान्साच्या इस्पितळातलं.
पिवळं, जुन्या डॉक्टरचं.
नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या,
आणि खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात,
औषध तेच.
सकाळी निळी, रात्री पिवळी:
माणूस रोज दोनदा रक्तदाब उतरवत होता
आणि आपण का उतरतोय
म्हणून देवाला विचारत होता.

आरोग्य केंद्राला फोन लावला.
चाळीस मिनिटं तेच ते संगीत.
फोन खांद्यात धरून मी
एका बाळाचं वजन केलं,
खोकल्याची बाटली दिली,
अँटिबायोटिक मागणाऱ्याला मधाचं पाणी सांगितलं
आणि त्याचा राग ऐकून घेतला.
शेवटी नवी डॉक्टर आली, दमलेल्या आवाजाची.
"हो. पिवळी बंद करा."
मग: "कोण बोलतंय, परत सांगा?"
या प्रश्नानंतर पूर्वी फोन आपटला जायचा.
या वेळी पेनाची कुरकुर ऐकू आली.
ती माझं नाव लिहून घेत होती.

"आदेरितू, तुम्ही म्हातारे होत नव्हता,
एकच गोळी दोनदा घेत होता."

मला वाटलं, हसेल.
तो वजनकाट्याशेजारच्या खुर्चीत बसला,
टोपी गुडघ्यावर.
"मी शेळ्या विकल्या," म्हणाला.
एप्रिलात. एकोणीस. निम्म्या भावात,
चुलतभावाला, झेफेरीनूला,
कारण त्या डोंगरउतारावर
त्यांच्यामागे उभं राहवेना.
बराच वेळ तो खोक्यांकडे बघत राहिला.
असल्या नुकसानीवर
माझ्या एकाही कपाटात काही नव्हतं.

"चिठ्ठी देशील? झेफेरीनूला?
की मला उतार पडलाय म्हणून?"

मी मशीनमधून लेबल काढलं,
'जेवणानंतर' छापतो तेच, पांढरं.
नाव, तारीख,
आणि सूचनेच्या जागी:
चढ चढू शकतात.
अशी नोंद करायची मला परवानगी आहे का,
मी शोधलं नाही.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला.
झेफेरीनूनं चारच परत दिल्या,
त्याही शिंगं उगारणाऱ्या.
त्यातली एक त्यानं दारातल्या खांबाला बांधली,
हिरव्या क्रॉसखाली,
आणि बाही वर करून बसला.
दाब चांगला होता. मी दोनदा मोजला.
तेवढ्यात तिनं
लसीकरणाचं पोस्टर
निम्मं खाल्लं होतं.